तलावावरचे सोळाशे फूट

त्या गावात मला सगळे ‘डॉक्टरचा नवरा’ म्हणत. ते खरंच होतं. माझी बायको तिथल्या दवाखान्यातली एकमेव डॉक्टर होती आणि मला काम नव्हतं. नागपूरच्या एका दैनिकात नऊ वर्षं उपसंपादक होतो. आता अलास्काच्या आतल्या भागात, दीडशे वस्तीच्या आणि रस्ता नसलेल्या गावात स्टोव्हसाठी लाकडं फोडणं, पाणी आणणं आणि पायऱ्यांवर राख टाकणं, एवढी तीन कामं माझ्याकडे होती. परदेशातून आलेल्या डॉक्टरांना अमेरिकेत राहायचं असेल, तर जिथे कुणी जात नाही तिथे काही वर्षं काढावी लागत. आमचा करार तीन वर्षांचा होता. ही हकिगत पहिल्या हिवाळ्याची, १९८०नंतरच्या चार-पाच वर्षांतली.

राखेचं काम बायकोने लावून दिलं होतं. नोव्हेंबरात ती घराच्या पायरीवरून घसरली. लागलं नाही, पण तिला दिवस गेले होते. “स्टोव्हची राख फेकत जाऊ नको, पायऱ्यांवर टाक,” ती म्हणाली. तेव्हापासून रोज सकाळी सहाला मी डबाभर राख पाच पायऱ्यांवर पसरत असे. हिवाळाभर ती पुन्हा घसरली नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, ती न्हाणीघरातून बाहेर आली आणि खुर्चीवर बसली.

“अरे, ब्लीडिंग होतंय. दुखत नाहीये.”

“दुखत नाही म्हणजे बरं ना?”

“नाही. दुखत नाही हेच वाईट आहे. वार खाली आली असणार, बाळाच्या आधी. सिझेरियन लागेल, रक्त लागेल. इथे दोन्ही नाही.”

तिला सातवा महिना होता. एखाद्या पेशंटच्या नवऱ्याला सांगावं तसं तिने हे सांगितलं. मग चालत दवाखान्यात गेली नाही. स्लेजवर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर, बसून गेली, आणि स्लेज मी हळू ओढावी म्हणून वाटेत दोनदा ओरडली.

दवाखान्यात गावातलीच एक मदतनीस होती. बायकोने खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा ठेवायला लावल्या, स्वतःच्या हातात सुई कुठे टोचायची ते तिला दाखवलं आणि सलाइनच्या बाटल्या मोजायला सांगितल्या. नऊ होत्या.

गावात एकच फोन होता, कचेरीत. शहरातल्या हॉस्पिटलने सांगितलं की रुग्णविमान तयार आहे, पण ते उतरणार कुठे? प्रश्न बरोबर होता. आठवड्यापूर्वी नदीत वरच्या अंगाला बर्फ तुंबला, पाणी काठावर चढलं आणि गावाच्या धावपट्टीवर पसरून गोठलं. पट्टीवर कमरेएवढे उंचवटे झाले होते. बर्फ सारणारं गावातलं एकमेव यंत्र चाकांपर्यंत त्यात रुतलं होतं. दुकानदाराचं छोटं विमान, ज्याला चाकांऐवजी घसरपट्ट्या होत्या, तेही त्यातच. हेलिकॉप्टर एवढ्या लांब येऊ शकत नव्हतं. घसरपट्ट्यांचं दुसरं विमान शोधतो, असं ते म्हणाले. रविवारपर्यंत ते सापडलं नाही.

कचेरीत तेव्हा एक म्हातारा बसला होता. गावातल्या मूळ रहिवाशांपैकी, पासष्टीच्या आसपासचा. गुडघ्यांसाठी दर पंधरवड्याला बायकोकडे यायचा आणि औषध घेऊन झालं तरी अर्धा तास बसायचा.

“किती लांब पट्टी पाहिजे ते विचार,” तो मला म्हणाला.

मी विचारलं. दोन हजार फूट, चाकं रुतणार नाहीत एवढी घट्ट.

“मला करता येते. युद्धात तेच काम होतं. चाळीस वर्षं झाली, पण बर्फ काही बदललेला नाही.”

“आज होईल?”

“परवा सकाळी. बर्फाला घाई कळत नाही.”

मी दवाखान्यात जाऊन बायकोला सांगितलं. ती छताकडे बघत होती. “परवापर्यंत टिकेन बहुतेक,” ती म्हणाली. “परवानंतर सांगता येत नाही. जा, तू इथे उभा राहून काय करणार आहेस?”

गावामागे एक लांबट तलाव होता, पायी पाव तासावर. म्हाताऱ्याने चार ठिकाणी भोकं पाडून पाहिली. बर्फाचा थर हातभर होता. विमान पेलायला तो भरपूर होता. अडचण त्याच्या वर होती. मांडीपर्यंत भुसभुशीत हिम. चाकांचं विमान त्यात उतरलं तर नाकावर उलटलं असतं.

“फावड्यांनी उपसू या,” मी म्हणालो.

म्हातारा हसला. “आमच्या अधिकाऱ्यानेही पहिल्यांदा हेच सांगितलं होतं. तोही दक्षिणेकडचाच.”

काम सुरू असताना तो युद्धातलं सांगत गेला. सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. डोंगरापलीकडे सैन्याच्या तुकड्या रस्ता बांधत होत्या. हिवाळ्यात खिंड बंद झाली की त्यांना पीठ, बूट, रॉकेल पोहोचवायला विमानाशिवाय मार्ग नव्हता, आणि विमानाला तलावाशिवाय जागा नव्हती. ह्याच्यासारख्या गावकऱ्यांना मजुरीवर घेऊन सैन्याने तलावांवर पट्ट्या करायला लावल्या. पहिली पट्टी त्यांनी उपसून केली. तीन दिवस लागले, आणि चौथ्या दिवशी वाऱ्याने ती भरून टाकली. शिवाय दोन्ही बाजूंना साठलेल्या ढिगांना विमानाचा पंख अडकला. दुसऱ्या वेळी अधिकाऱ्याने भोकं पाडून पाणी ओतायला लावलं. पाणी गोठलं, पण ढेकळं होऊन. चाक फुटलं. मग गावातल्या जुन्या माणसांना विचारलं.

“त्यांनी काय सांगितलं?”

“कुत्र्यांची वाट बघा म्हणाले. जिथून स्लेज रोज जाते तिथलं हिम दगड होतं. कुणी उपसत नाही. तुडवतात आणि रात्रभर सोडून देतात. हिम गोधडीसारखं असतं. फुगलेलं असलं की खाली थंडी जात नाही. त्यातली हवा काढ, मग थंडी आपोआप आत शिरते.”

युद्धात त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. साठ माणसं हातात हात गुंफून, पायांना जाळीचे रुंद बूट बांधून, एका रांगेत तलावाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. आम्हीही तेच केलं. शाळा बंद करून मास्तर मुलांना घेऊन आले. दुकानदाराने बर्फावरून पळणाऱ्या दोन स्नोमशीन दिल्या, त्यांच्यामागे तीन-तीन ओंडके साखळीने बांधून ओढले. बाकीचे सगळे रांगेत. मास्तर शिट्टी वाजवायचे, रांग एक पाऊल पुढे जायची.

माझ्या शेजारी दुकानदाराची बायको होती. माझी चाल बघून तिने रांगेभर ऐकू जाईल असं विचारलं, “डॉक्टर ह्याला घरात तरी नीट चालायला सांगते का?”

“घरात ती त्याला ओढते,” पलीकडून कुणीतरी म्हणालं.

“पोटात मूल, हातात नवरा. बाईला आराम म्हणून नाही.”

सगळे हसले. मीही हसलो. मग शिट्टी वाजली.

मंगळवारी अंधार पडेपर्यंत नऊशे फूट झाले. बुधवारी सकाळी बघितलं तर त्यातला निम्मा भाग अजून मऊ होता. रात्री थंडी पडलीच नव्हती. पारा शून्याखाली जेमतेम पाच होता. मी दर तासाला कचेरीबाहेरचा तापमापक बघून वहीत लिहीत होतो, जणू लिहिल्याने तो खाली उतरणार होता. म्हाताऱ्याने सगळी पट्टी पहिल्यापासून पुन्हा तुडवायला लावली.

दुपारी मी दवाखान्यात गेलो. बायकोने स्वतःचा केसपेपर उशाशी ठेवला होता आणि दर दोन तासांनी स्वतःच त्यात लिहीत होती. मी वाचलं. सगळीकडे ‘रुग्ण’ असं लिहिलेलं होतं. रुग्णाची नाडी, रुग्ण फिकट, रुग्णाने पाणी मागितलं. सलाइनच्या चार बाटल्या उरल्या होत्या.

“कमी झालं होतं,” ती म्हणाली. “आता परत सुरू झालंय. किती फूट झाले?”

“सोळाशे. संध्याकाळपर्यंत दोन हजार होतील.”

“बाळ हलतंय. तेही लिहिलंय बघ.”

ते शेवटच्या ओळीत होतं. त्या ओळीत मात्र रुग्ण नव्हता.

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला दोन हजार फूट पुरे झाले. म्हाताऱ्याने पट्टीच्या दोन्ही बाजूंना देवदाराच्या फांद्या रोवल्या आणि सगळ्यांना बाहेर काढलं. आता उजाडेपर्यंत तिच्यावर माणूस नको, कुत्रं नको. दाबलेलं हिम एकदा धरायला लागलं की त्याला हात लावायचा नाही. दोन तरुण पहाऱ्याला बसवले. आकाश निवळलं होतं, आणि पारा उतरू लागला होता.

गुरुवारी सकाळी सहाला उणे चोवीस. मी धावत तलावावर गेलो. टाच आपटली तरी खूण उमटत नव्हती. दोन दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं की हे होईल. विमान नऊला येणार होतं. पहाऱ्यावरची पोरं झोपायला गेली होती. म्हाताराही दोन रात्रींनंतर पहिल्यांदा घरी जाऊन आडवा झाला होता.

मी पट्टीवरून शेवटपर्यंत चालत गेलो. दूरच्या टोकाला, जिथे विमान ब्रेक लावणार, तिथे स्नोमशीनच्या ओंडक्यांनी हिम घासून काचेसारखं केलं होतं. माझा पाय सरकला आणि मी पाठीवर पडलो. पडल्यापडल्याच मनात आलं की माझा पाय सरकतो, तर चाक का नाही सरकणार? पुढे काठ होता आणि काठावर झाडं.

काय करायचं ते मला माहीत होतं. हिवाळाभर मी तेच करत आलो होतो. गावात प्रत्येक घराबाहेर राखेचा डबा असतो. मी सात-आठ घरचे डबे स्लेजवर चढवले, तीन खेपा केल्या आणि शेवटच्या चारशे फुटांवर राख पसरली. पातळ, सारखी, कुठे ढीग राहणार नाही अशी. आठ वाजता संपलं. विचारायला कुणी जागं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विचारायला हवं असं मला वाटलंही नाही. मी मागे वळून ती करडी पट्टी पाहिली आणि मला बरं वाटलं. त्या गावात मी आपणहून केलेलं ते पहिलं काम होतं.

आमच्या घराच्या पायऱ्या उत्तरेला होत्या. त्यांच्यावर हिवाळाभर ऊन येत नसे. तलावावर येत होतं.

पावणेनऊला फोन आला. शहरात धुकं आहे, विमान अजून निघालेलंच नाही, अकराला निघेल. अकराला कळलं की एक वाजता. आकाश निळं होतं आणि मार्चअखेरचं ऊन हिमावरून डोळ्यांत येत होतं. हवा उणे दहा होती, म्हणून मला काळजी वाटली नाही. मी दवाखान्यात बसलो होतो. सलाइनची शेवटची बाटली लावली होती. बायको आता बोलत नव्हती. केसपेपर मदतनीस लिहीत होती.

साडेबाराला म्हातारा दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. मला बोटाने बाहेर बोलावलं आणि तलावावर घेऊन गेला. पट्टीच्या शेवटच्या भागात त्याने काठी रोवली. ती वीतभर आत गेली. राखेचा प्रत्येक कण उन्हाने तापून खाली उतरला होता. वरून जाळी झाली होती आणि जाळीखाली ओला, भुसभुशीत चिखल.

“कुणी?”

“मी.”

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर सोपं झालं असतं.

“खरवडून काढू,” मी म्हणालो. “सगळ्यांना बोलावतो. विमान यायला दीड तास तरी आहे.”

“खरवडशील. मग नवीन हिम दाबशील. आणि ते धरायला पुन्हा एक रात्र लागेल. आहे रात्र तिच्याकडे?”

मऊ भाग जिथे सुरू होत होता तिथपर्यंत त्याने पावलं मोजली, दोन लाल ब्लँकेटं आणायला लावली आणि पट्टीवर मोठी फुली अंथरली. फुलीच्या अलीकडे सोळाशे फूट उरले. मग कचेरीत जाऊन त्याने स्वतः फोनवर आकडा सांगितला.

“काल दोन हजार म्हणाला होतात,” पलीकडून आवाज आला.

“मोजण्यात चूक झाली,” म्हातारा म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

विमान अडीचला आलं. दोनदा घिरट्या घातल्या, तिसऱ्या वेळी उतरलं आणि फुलीच्या तीस पावलं आधी थांबलं. पट्टीवर कुठेही चाक रुतलं नाही. काठावर उभ्या असलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, मुलं ओरडली. वैमानिक खाली उतरला, पट्टीवर दोन-तीनदा पाय आपटून पाहिला आणि म्हणाला, “कुणी केलं हे? काँक्रीट आहे.”

बायकोला स्लेजवरून आणलं. बरोबर आलेल्या नर्सने तिला आत घेतलं आणि रक्ताची पिशवी लावली. मी माझी कपड्यांची पिशवी घेऊन चढू लागलो, तर वैमानिकाने हात आडवा केला.

“तुमचं वजन?”

“बासष्ट किलो.”

त्याने फुलीकडे आणि फुलीमागच्या झाडांकडे पाहिलं. “उतरायला पुरलं. पण उडायला परतीच्या इंधनासकट सोळाशे फुटांत एक माणूस जास्त होतोय. दोन हजार असते तर नेलं असतं. सॉरी.”

मी पिशवी खाली ठेवली. म्हातारा माझ्यामागे उभा होता.

दारातून बायकोचं तोंड दिसत होतं. तिने ओठ हलवले, म्हणून मी आत वाकलो.

“दवाखान्याच्या फ्रिजमध्ये लसी आहेत,” ती मराठीत म्हणाली. “लाइट गेली तर बाहेर नको ठेवू, गोठतील. घरात ठेव. आणि रडू नको, चष्म्यावर बर्फ होतो.”

विमान फुलीवरून वर उठलं. झाडांच्या शेंड्यांपेक्षा ते किती वर होतं हे मला सांगता येणार नाही. मी त्या वेळी बघितलं नाही.

उन्हं कलेपर्यंत मी तलावावरच होतो. तेव्हा म्हाताऱ्याने युद्धातल्या तिसऱ्या पट्टीचं राहिलेलं सांगितलं. ती पट्टी दगडासारखी झाली होती. वैमानिकाने तक्रार केली की वरून सगळं पांढरं दिसतं, उतरायचं कुठे ते कळत नाही. म्हणून अधिकाऱ्याने राखेचे पट्टे ओढायला सांगितलं. राख वाहून नेणाऱ्यांत हा होता. एप्रिल होता. विमान दोन दिवस उशिरा आलं आणि त्या पट्ट्यांत चाकं रुतून उलटलं.

“आत दोघं होते. पोती फुटून सगळीकडे पीठ झालं होतं. पलीकडच्या कॅम्पात माणसं नुसत्या घेवड्यावर होती, म्हणून आम्ही ते पीठ गोळा केलं. त्या दोघांना बाहेर काढल्यानंतर. आधी नाही.” हे त्याने दोनदा सांगितलं. “अधिकाऱ्याने रिपोर्टात पट्टी निसरडी होती असं लिहिलं. मला लिहिता येत नव्हतं, म्हणून मला आठवतं.”

“मंगळवारीच मला हे का नाही सांगितलंत?”

“तू विचारशील असं वाटलं.”

मुलगी गुरुवारी संध्याकाळी झाली. मला ते शुक्रवारी सकाळी फोनवर कळलं. ती अकरा तास जगली. तोवर बायको बराच वेळ शुद्धीवर नव्हती. एकदा तिला मुलगी दाखवली, असं नर्सने सांगितलं. नर्सशिवाय दुसरं कुणी मुलीजवळ नव्हतं. मी रविवारी पोहोचलो, घसरपट्ट्यांच्या विमानातून. ते विमान आमच्याच पट्टीवर उतरलं होतं.

त्या काळात मी माझ्या जुन्या दैनिकाला महिन्याला एक पत्र पाठवत असे. एप्रिलच्या पत्रात तलावावरची पट्टी होती. हात गुंफून चालणारं गाव, मास्तरांची शिट्टी, युद्धातली साठ माणसं, डॉक्टरीणबाईंचे वाचलेले प्राण. ते छापून आलं आणि लोकांना आवडलं. त्यात राख नव्हती. पट्टीची लांबी मी सोळाशे फूट दिली होती. तो आकडा बरोबर होता, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

बायको मेच्या मध्यात परत आली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बसली. मी तिला जूनमध्ये सांगितलं, घराच्या पायऱ्यांवर बसून. सकाळचे सहा, तीन खेपा, चारशे फूट, वैमानिकाचं वाक्य. जसं घडलं त्या क्रमाने.

“म्हणजे जागा होती,” ती म्हणाली.

“हो.”

“मी शुद्धीवर आले तेव्हा तिला कुणी घेतलं होतं का, हे मी तीनदा विचारलं. नर्स म्हणाली, आम्ही घेतलं होतं.” ती पायऱ्यांच्या फटींकडे बघत होती. तिथे अजून करडेपणा राहिला होता. “राख टाक असं मीच सांगितलं होतं.”

“पायऱ्यांवर.”

“हो. पायऱ्यांवर.”

मग ती उठली आणि आत गेली. त्यानंतर ह्यावर आम्ही बोललो नाही. करार संपायला दोन वर्षं होती, ती आम्ही तिथेच काढली.

सप्टेंबरात नदी गोठायच्या आधी मी पायऱ्यांवर राखेऐवजी टाकायला काठावरची वाळू उपसून चार ड्रम भरले आणि घरामागे लावून ठेवले. म्हातारा येऊन बघून गेला. मूठभर वाळू हातात घेऊन चोळली, त्यातला ओलसर भाग मला दाखवला आणि म्हणाला, “आधी वाळव. नाहीतर ड्रममध्येच गोठेल.” मी ती ताडपत्रीवर पसरली. वाळायला चार दिवस लागले.